कार्यकर्तींचा ताण मोजायचा, तर आधी कागदावरचं नाव काढा

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमची संस्था खानापूर, बेळगाव आणि हुक्केरी तालुक्यांत काम करते. कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या बायका आणि लैंगिक अत्याचार झालेली मुलं यांच्या केसेस आमच्याकडे येतात. फील्डवर चौदा जणी आहेत. नऊ जणींना मराठी वाचायला सोपं जातं, पाच जणींना कन्नड. या वर्षी फंडरनं कार्यकर्तींचा ‘दुय्यम आघातजन्य ताण’ (दुसऱ्यांवरचे आघात ऐकून-हाताळून येणारा ताण) मोजून रिपोर्टमध्ये द्यायला सांगितलं. इंटरनेटवरून १७ प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली घेतली, कॉम्प्युटरवर तिचं मराठी केलं आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये नाव घालून सगळ्यांकडून भरून घेतली. तेरा जणींचे गुण १७ ते २२ आले. एका मुलीचे ५२. अध्यक्ष म्हणतात, तिला फील्डवरून काढून ऑफिसात घ्या. हे मोजमाप बरोबर आहे का? आणि तिचं काय करावं?
— कोऑर्डिनेटर, खानापूर तालुका

उत्तर:

ताई, प्रश्नावलीचं नंतर बघू. आधी त्या मुलीचं. तिला ऑफिसात बसवायचा निर्णय तूर्त थांबवा आणि दोन-तीन दिवसांत तिच्याशी निवांत, दोघीच बसून बोला. तिनं भरलेला कागद समोर ठेवू नका. झोप लागते का, मध्येच दचकून जाग येते का, जेवण जातं का, एखाद्या ठरावीक केसनंतर हे सुरू झालं का, घरात काही चाललंय का, हे विचारा. त्याबरोबर सरळ शब्दांत हेही विचारा, की जगणं नकोसं वाटतं का, जीव द्यायचे विचार येतात का. असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. तुम्ही वापरलेल्या १७ प्रश्नांत आत्महत्येबद्दल एकही प्रश्न नाही, त्यामुळे गुण ५२ असोत की २०, हा धोका त्या कागदावरून कळणारच नाही. तिचं उत्तर ‘हो’ असेल, तर तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. तसं नसेल, पण झोप उडालेली आणि काम सुधरत नसेल, तरी डॉक्टरांना दाखवायला हवंच. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था तुमच्यापासून फार लांब नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि भाषा निवडता येते.

तिला न विचारता फील्डवरून काढलंत, तर बाकीच्या तेरा जणी त्यातून एकच शिकतील, की खरं लिहिलं की काम जातं. तिला स्वतःला काही दिवस नव्या केसेस नको असतील तर जरूर थांबवा. पण ते तिनं मागितलं म्हणून, किती दिवस ते ठरवून आणि पगार-प्रवासभत्ता न कापता.

आता मोजमापाकडे येऊ. तुम्हाला चिंता ५२ ची वाटते, आम्हाला त्या तेरा कागदांची जास्त वाटते. या प्रश्नावलीत प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण असतात, म्हणून कमीत कमी बेरीज १७ येते आणि जास्तीत जास्त ८५. म्हणजे १७ गुणांच्या बाईनं सगळ्याच प्रश्नांना ‘कधीच नाही’ लिहिलं आहे. गेल्या सात दिवसांत एकदाही झोप बिघडली नाही, चिडचिड झाली नाही, नको असताना केसचा विचार आला नाही, असं ती सांगते आहे. अत्याचार झालेल्या मुलांचं काम करणाऱ्या बाईचा एखादा आठवडा असा जाईलही. चौदापैकी तेरा जणींचा एकाच वेळी जाणार नाही. हीच प्रश्नावली वापरून अमेरिकेतल्या एका दक्षिणेकडच्या राज्यात २८२ समाजकार्यकर्त्यांची पाहणी झाली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ७० टक्के जणांना आदल्या आठवड्यात निदान एक तरी लक्षण जाणवलं होतं आणि सुमारे १५ टक्के जणांत पुन्हा पुन्हा आठवणं, टाळणं आणि सतत ताणलेलं असणं या तिन्ही गटांची लक्षणं पुरेशी होती. तुमच्या बायका अमेरिकेतल्यांपेक्षा कणखर असतील, पण हा फरक कणखरपणाचा नाही. बॉसच्या समोर, शेजारणीच्या खांद्याला खांदा लावून आणि वर नाव घालून भरलेल्या कागदाचा आहे. ते तेरा कागद रिपोर्टमध्ये घालू नका.

ही प्रश्नावली ब्रायन ब्राइड आणि सहकाऱ्यांनी समाजकार्यकर्त्यांसाठीच तयार केली आणि २००४ मध्ये मांडली. दुसऱ्यावर झालेला आघात ऐकून, बघून, हाताळून ऐकणाऱ्यावर जे उमटतं, ते ती मोजते. तिच्यात तीन गट आहेत. पहिला, पुन्हा पुन्हा आठवणं: केसचा विचार नको असताना येणं, छातीत धडधडणं, वाईट स्वप्नं (प्रश्न २, ३, ६, १०, १३). दुसरा, टाळणं: मन बधिर होणं, माणसांत मिसळावंसं न वाटणं, काही केसेस नकोशा होणं, भेटीत काय बोलणं झालं तेच न आठवणं (१, ५, ७, ९, १२, १४, १७). तिसरा, सतत ताणलेलं असणं: झोप, दचकणं, लक्ष न लागणं, चिडणं, काहीतरी वाईट होणार असं वाटत राहणं (४, ८, ११, १५, १६). यातून निदान होत नाही. कुणाशी बोलायला हवं आणि कामात काय बिघडलंय, एवढं कळतं. तेवढं नीट कळलं तरी पुष्कळ.

कॉम्प्युटरनं केलेलं मराठी बाजूला ठेवा. इंग्रजीत जिथे ‘क्लायंट’ आहे तिथे मशीन ‘ग्राहक’ लिहून मोकळं होतं. सौंदत्ती-गोकाक पट्ट्यात देवदासी बायकांसोबत काम करणारी कार्यकर्ती ‘ग्राहकांची आठवण आली की अस्वस्थ होते का’ हे वाक्य वाचेल, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर कोण येईल याचा विचार करा. तुमच्याकडे बोलताना जो शब्द आहे तोच घाला: ‘ज्यांच्या केसेस मी बघते ती माणसं’. पर्यायांची पाच नावं तर त्याहून जपून ठरवा. गुणांचा एक नियम (तो पुढे येतोच) ‘२’ आणि ‘३’ यांच्यातल्या फटीवर उभा आहे आणि मराठीत नेमकी तीच फट बुजते, कारण ‘कधीतरी’ म्हटलं की कुणी त्याचा अर्थ महिन्यातून एकदा घेतं, कुणी दिवसाआड. कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, फार वेळा हे पाच शब्द चालतील. कन्नडमध्येही अशीच पायरी नीट लावून घ्या.

भाषांतराची रीत अशी. मूळ लेखकाची परवानगी मागा. मग संस्थेबाहेरच्या दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, दोन्ही समोर ठेवून एक मसुदा पक्का करायचा आणि इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या माणसानं त्याचं परत इंग्रजी करायचं. जिथे अर्थ सरकला असेल ते वाक्य पुन्हा लिहायचं. कन्नडचंही असंच, आणि तेही मूळ इंग्रजीवरून. मराठीवरून कन्नड करू नका. शेवटी निपाणी किंवा चिकोडीकडच्या एखाद्या संस्थेतल्या पाच-सहा कार्यकर्तींना प्रत्येक भाषेत ती मोठ्यानं वाचायला लावा आणि विचारा, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ तुमच्याच चौदा जणींना नको, नाहीतर प्रश्न आधीच तोंडपाठ होतील. या सगळ्याला महिना-दीड महिना लागेल. फंडरला तसं स्पष्ट कळवा.

आता कागद. चौदा जणींत नाव न लिहिल्यानं नाव लपत नाही. पाच जणी कन्नड कागद भरणार. त्यांतली हुक्केरीची एकच असेल तर ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असेल. म्हणून प्रश्नांचा कागद वेगळा करा, मराठी किंवा कन्नड, जिला जो हवा तो. उत्तराचा कागद मात्र सगळ्यांना एकच: १ ते १७ आकडे आणि प्रत्येकासमोर पाच गोल. फक्त गोल काळा करायचा. अक्षर ओळखू येतं, म्हणून त्या कागदावर लिहायला काहीच ठेवू नका. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन. वय, शिक्षण, तालुका, नोकरीची वर्षं हे रकाने काढून टाका. एवढ्या लहान गटात त्यांचा उपयोग शून्य आणि माणूस हुडकायला मात्र दोन रकाने पुरे होतात.

कागद तुम्ही गोळा करू नका, अध्यक्षांनी तर नाहीच. बेळगावात समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकवणाऱ्या, संस्थेशी संबंध नसलेल्या एखाद्या प्राध्यापिकेला विनंती करा. कागद तिनं वाटायचे, तिनंच बंद पाकिटात घ्यायचे आणि तिच्याकडेच राहायचे. तुमच्या हातात फक्त गटाची बेरीज येईल. पुढच्या वेळी त्याच बाईचे आकडे जुळवायचे तर डब्यातून चिठ्ठी काढून प्रत्येकीनं एक नंबर घ्यावा आणि तो स्वतःच्या पाकिटात चिकटवून प्राध्यापिकेकडेच ठेवावा. पाकिटावर काय खूण करायची ते ज्याचं त्यानं ठरवावं. भरायचं की नाही हेही प्रत्येकीनं ठरवायचं. कोरा कागद पाकिटात घातला तरी चालतो हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगा. सोबत सगळ्यांना एक सुटी चिठ्ठी द्या: टेली-मानसचा नंबर, जिल्हा रुग्णालयाची ओपीडीची वेळ आणि संस्थेबाहेरच्या एका समुपदेशकाचा नंबर. कागद निनावी असल्यामुळे त्यातून कुणाचा हात धरता येत नाही. तो तिलाच पुढे करता यावा म्हणून ही चिठ्ठी.

दिवस कोणता? प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दल आहेत. गणपतीच्या सुट्टीनंतर, यल्लम्माच्या जत्रेच्या धावपळीत किंवा मार्चच्या रिपोर्टात मोजलंत तर तो त्या आठवड्याचा आकडा येईल, कामाचा नाही. साधा, नेहमीसारखा आठवडा निवडा आणि जी रजेवर होती तिला पुढच्या आठवड्यात भरू द्या.

गुण लावताना दोन रीती आहेत आणि दोन्ही लावा. पहिली बेरजेची: २८ पेक्षा कमी म्हणजे ताण नाही किंवा नगण्य, २८ ते ३७ सौम्य, ३८ ते ४३ मध्यम, ४४ ते ४८ जास्त, ४९ पासून वर तीव्र. दुसरी लक्षणांची: ३ किंवा अधिक गुण मिळालेला प्रश्न म्हणजे लक्षण आहे, असं धरायचं. पहिल्या गटात निदान एक, टाळण्याच्या गटात निदान तीन आणि तिसऱ्या गटात निदान दोन लक्षणं असली, तर तिन्ही निकष पुरे झाले.

एक कल्पित कागद घ्या. पहिल्या गटाची उत्तरं ३, २, ४, ४, २, बेरीज १५. टाळण्याच्या गटात २, २, १, २, ३, १, १, बेरीज १२. तिसऱ्यात ४, २, ३, ३, २, बेरीज १४. एकूण ४१, म्हणजे ‘मध्यम’. पण टाळण्याच्या गटात ३ ला पोहोचलेला प्रश्न एकच आहे, म्हणून लक्षणांच्या रीतीनं निकष पुरे होत नाहीत. दोन रीतींत तफावत आली म्हणजे चूक झाली असं नाही. ही बाई अजून कामापासून पळत नाही, पण काम तिच्या झोपेपर्यंत पोहोचलंय. अशीला लवकर हलकं करता येतं. गटांची तुलना करायची तर सरासरीनं करा, कारण टाळण्याचे प्रश्न सात आहेत आणि बाकीचे पाच-पाच. इथे सरासरी ३, १.७ आणि २.८ येते. एखादा प्रश्न सुटला असेल तर शून्य भरू नका. त्याच गटाच्या उरलेल्या उत्तरांची सरासरी घाला. एकाच गटात दोन-तीन सुटले असतील तर त्या कागदाची बेरीजच करू नका.

या मर्यादा अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या उत्तरांवरून ठरलेल्या आहेत, खानापूरच्या नाहीत. म्हणून ३८ ची रेघ ओलांडली की आजार, असं कुणालाही म्हणू देऊ नका. मराठी आणि कन्नड गटांची सरासरी शेजारी-शेजारी तर मुळीच मांडू नका. नऊ आणि पाच जणींवरून काही सिद्ध होत नाही आणि आपल्या भागात तो आकडा कशाला वापरला जाईल ते तुम्ही जाणता.

झोप, चिडचिड, लक्ष न लागणं हे प्रश्न कामाचं नाव घेत नाहीत. घरी दारू पिऊन येणारा नवरा असेल, थायरॉइड असेल, पाळी जायचं वय असेल, तरी तिथे ४ येतो. होम व्हिजिटला गेलेल्या कार्यकर्तीवर कुणी कोयता उगारला असेल, तर तो तिचा स्वतःचा आघात आहे, दुसऱ्याचा ऐकलेला नाही. २०१९ च्या पुरात कृष्णाकाठच्या ज्या बायकांची घरं बुडाली आणि ज्या त्याच आठवड्यात छावणीत कामाला उभ्या राहिल्या, त्यांचं दोन्ही एकत्र होतं. प्रश्नावली हे वेगळं करत नाही. ते बोलण्यातूनच कळतं.

पगार दोन महिने रखडला, रिपोर्टचे फॉर्म संपत नाहीत, यानं येणारी थकावटही निराळी. ती बघायची असेल तर बेथ स्टॅम यांची प्रोक्यूओएल नावाची ३० प्रश्नांची प्रश्नावली आहे. श्रेय दिलं, बदल केले नाहीत आणि विकली नाही, तर ती मोफत वापरता येते. ती गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते आणि कामातलं समाधान, थकावट व दुय्यम आघात असे तीन वेगळे गुण देते: २२ पर्यंत कमी, २३ ते ४१ मध्यम, ४२ पासून जास्त. तिघांची मिळून बेरीज करायची नसते. थकावटीच्या गटातले १, ४, १५, १७ आणि २९ हे प्रश्न उलटे मोजायचे (५ चा १, ४ चा २), आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. दोन्ही प्रश्नावल्या एकाच दिवशी नकोत. ४७ प्रश्नांनंतर कुणीही एकाच रांगेतले गोल काळे करत सुटतं.

नुसता ताण मोजून कामाचा भार मोजला नाहीत तर दोष बाईवरच येतो. म्हणून तुमच्याच रजिस्टरवरून प्रत्येक महिन्याचा एक तक्ता करा: नव्या केसेस किती, त्यांत मुलांच्या किती, सविस्तर हकिकत किती वेळा ऐकावी लागली, ठाण्यात, रुग्णालयात, कोर्टात किती फेऱ्या, रात्री नऊनंतर फोन किती. आणि एक रकाना आवर्जून घाला, दुभाषी म्हणून किती वेळा बसली.

हा रकाना आपल्या सीमाभागाचा आहे. खानापूरच्या एखाद्या वाडीतली मुलगी मराठीत सांगते आणि जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मध्ये तुमची कार्यकर्ती. मुलगी म्हणते ‘त्यानं माझं तोंड दाबलं’, आणि कार्यकर्तीला तेच वाक्य ‘माझं’ म्हणूनच दुसऱ्या भाषेत उच्चारावं लागतं. लिहिणारा थांबला की पुन्हा, खुलासा मागितला की आणखी एकदा. ऐकणं एकदाचं असतं, हे उच्चारणं तीन-चारदा. वर ती सुटी झाली की त्याच मुलीची आधार देणारी ताई म्हणून तिला परत बसायचं असतं. दोन्ही भाषा उत्तम येणारी जी तुमच्याकडे असेल, तिच्याच वाट्याला हे सारखं येतं, कारण ती सोयीची पडते. ती ५२ वाली मुलगी हीच तर नाही ना, हे आधी बघा.

यावर उपाय कायद्यातच आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलाला न कळणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी द्यायला हवा, आणि कलम २६ मध्ये जबाबासाठी फी देऊन दुभाषी घेण्याची तरतूद आहे. २०२० च्या नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण युनिटनं दुभाष्यांचं रजिस्टर ठेवायचं असतं. लेखी पत्र देऊन बेळगावच्या युनिटकडे त्या यादीची मागणी करा आणि मराठी-कन्नड दुभाष्यांची नावं त्यात आहेत का ते विचारा. नसतील तर नावं सुचवा. तोवर तुमचा नियम असा ठेवा: जी मुलाला आधार द्यायला बसली आहे तिनं दुभाषीपण करायचं नाही, आणि जिनं दुभाषीपण केलं तिला दुसऱ्या दिवशी नवी केस नाही.

बाकीचे बदलही याच तक्त्यातून सापडतील. मुलांच्या केसेस एकीकडेच साचल्या असतील तर वाटा. रात्रीचा फोन पाळीनं द्या आणि पाळी नसलेल्या दिवशी बंद ठेवायची मुभा द्या. पंधरवड्यातून एकदा, कामाचा हिशेब न विचारता, बाहेरच्या जाणत्या व्यक्तीसोबत दोन-तीन जणींनी बसावं. ऑफिसात चहा पिताना अंगावर काटा येणारा तपशील सांगायची सवय मोडा. सांगायचंच असेल तर समोरचीला आधी विचारा, ‘ऐकशील का?’ भीषण प्रसंगानंतर सगळ्यांना एकदाच गोल बसवून काय काय झालं ते वदवून घेण्याचं सत्र मात्र ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटना असं एकाच बैठकीचं ‘डीब्रीफिंग’ करू नका म्हणते.

बदल केल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली तशीच भरा. दोन-चार गुण वरखाली झाले तर काही समजू नका. पहिल्या नीट मोजणीनंतर दुसऱ्यात आकडा वाढला, तरी घाबरू नका: कागद कुणाच्या हाती पडत नाही याची खात्री पटली की बायका खरं लिहायला लागतात.

फंडरला द्यायचं ते एवढंच: किती जणींनी भरलं, गटाचा मध्यक (गुण चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधला येतो तो), भाराचा तक्ता आणि तुम्ही केलेले बदल. पाचपेक्षा कमी माणसांचा कुठलाही आकडा रिपोर्टात जाऊ देऊ नका, कारण ‘तीव्र: १’ असं छापलं की ती कोण ते चौदाही जणी ओळखतात. जुने, नावाचे कागद त्या मुलीशी बोलून झाल्यावर चौघींसमोर फाडून टाका आणि अध्यक्षांकडून एक ओळ लेखी घ्या, की या गुणांचा वापर बदली, पगारवाढ किंवा नोकरी यांसाठी कधीही होणार नाही. ही ओळ सहीसकट मिळाल्याशिवाय नवी मोजणी सुरू करू नका.